परदेशातून येणाऱ्या पैशाने गरीब देश पुढे जातात का? आणि आपल्याकडून आखातात जाणाऱ्याच्या हातात किती उरतं?

पांझराकाठ (धुळे):
राम राम मंडळी. नेपाळच्या जीडीपीच्या साधारण पाव हिश्शाएवढा पैसा बाहेर गेलेली माणसं घरी पाठवतात. ताजिकिस्तानात हा आकडा काही वर्षं निम्म्याच्या जवळ गेला होता. तरी दोन्ही देश गरीबच. मग एवढा पैसा मुरतो कुठे? दुसरं असं की, आपल्याकडचे वेल्डर, एसी मेकॅनिक दुबई-सौदीला जातात. त्यांच्या घराला खरंच किती उरतं, हा हिशेब कुणी मांडेल का?

सातपुडा_पायथा:
आधी जातो कोण ते बघा. अक्कलकुवा-धडगावचा भूमिहीन माणूस मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातो, दुबईला नाही. दुबईसाठी आधी लाख-दीड लाख उभे करावे लागतात. ज्याच्याकडे गहाण ठेवायला दोन बिघे किंवा मोडायला सोनं आहे त्यालाच ते जमतं. म्हणून हा पैसा पहिल्यांदा गावाच्या मधल्या थरात उतरतो. खालच्या थराला तो फिरून मिळतो: घराला गवंडी लागतो, बिगारी लागतात, निंदणीला माणसं कमी पडली की रोजंदारी वाढते.

नेपाळात गंमत अशी की तिथला रुपया 1993 पासून आपल्या रुपयाला 1.60 या दराने बांधलेला आहे. त्यामुळे डॉलर कितीही आले तरी चलन महाग होत नाही, महाग होतात जमीन आणि मजुरी. डोंगरउतारावरची शेती पडीक, कारण नांगर धरायला तरुण नाहीत, आणि तांदूळ भारतातून विकत. सरकारचंही बिघडत नाही, कारण आयातीवरची जकात हा तिजोरीचा मोठा आधार. मग कारखाने निघावेत म्हणून धडपड करायची कुणी?

तरी "सगळा चैनीत उडवतात" हे मला पटत नाही. शाळेची फी, दवाखाना, पत्र्याच्या जागी स्लॅब, ही काय चैन आहे? शिवाय अडचणीच्या वेळी गुंतवणूकदार पळतात, हा पैसा मात्र वाढतो. 2015 च्या भूकंपानंतर नेपाळात तेच झालं. धोका वेगळाच आहे. ताजिकिस्तानची माणसं बहुतेक रशियातच, त्यामुळे 2014 मध्ये रशियाचा रूबल कोसळला तसा घरी येणारा पैसाही आटला. सगळी कपाशी एकाच व्यापाऱ्याच्या भरवशावर ठेवावी, तशातला प्रकार.

हिशेबनीस (भुसावळ):
दुसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडून. आकडे समजा म्हणून धरा.

दुबईत पगार 1200 दिरहॅम (तिथलं चलन), खोली कंपनीची. जेवण-मोबाईलला 400 गेले, 800 उरले. एका दिरहॅमचा भाव 23 रुपये धरला तर 18,400 रुपये महिना. एजंटाला दीड लाख दिले आणि ते सावकाराकडून शेकडा 3 ने काढले, तर पहिल्या महिन्याचं व्याजच 4,500. पाठवलेला प्रत्येक रुपया कर्जात घातला तरी ते फिटायला साडेनऊ महिने लागतात. करार दोन वर्षांचा, त्यातलं जवळजवळ एक वर्ष सावकाराचं!

कायद्याने नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 च घेता येतात. तेवढंच कर्ज असेल तर दोन महिन्यांत जवळजवळ मोकळं. मेडिकल, पासपोर्टचा खर्च वेगळा. म्हणून एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा आणि पैसे बँकेतून देऊन पावती घ्या. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतो, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा शेरा. त्याला व्हिजिट व्हिसावर पाठवून "तिथे गेल्यावर बदलू" म्हणणारा एजंट दिसला की उठून चालू लागा. त्या वाटेने मंजुरी नसते, करार नसतो आणि 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमाही नसतो. त्या विम्याचा हप्ता किती, तर दोन वर्षांचे 275 रुपये.

आता पाठवण्याचा खर्च. जगभरात 200 डॉलर पाठवायला सरासरी 6 टक्क्यांच्या आसपास जातात, 2030 पर्यंत ते 3 टक्क्यांच्या खाली आणायचं उद्दिष्ट आहे. "फी शून्य" अशी पाटी असते तिथे कमाई भावात लपवलेली असते. दिरहॅममागे 40 पैसे कमी दिले तर 800 वर 320 रुपये गेले. फी विचारू नका, "घरी नेमके किती रुपये पोचतील" ते विचारा.

केळीबाग (रावेर):
हिशेबनीसभाऊंनी छान मांडलं. दोनच गोष्टी जोडतो. नोकरीसाठी बाहेर गेल्यावर गावच्या बँकेतलं साधं बचत खातं तसंच चालवू नका, ते एनआरओ (अनिवासी माणसाचं भारतातल्या पैशाचं खातं) करून घ्यायचं असतं. तिकडचा पगार एनआरई खात्यात (अनिवासीचं परदेशी कमाईसाठीचं खातं) टाका, त्याचं व्याज करमुक्त आहे.

आणि शेत. अनिवासी असताना स्वतःच्या नावावर शेतजमीन खरेदी करता येत नाही, वारसाने आलेली चालते. खरेदी वडिलांच्या नावावर होते, आणि पुढे वाटणीच्या वेळी धाकटा भाऊ म्हणतो, सातबारा तर वडिलांचा आहे, सगळ्यांचा सारखा वाटा. पैसा तुमचा हे दाखवायला बँकेचे उतारे पहिल्या महिन्यापासून जपा. हवाल्याने पाठवलं तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचा भंग, वर कागदही नाही.

पांझराकाठ (धुळे):
आभार. पण हे झालं एकेका घराचं. गाव म्हणून काही करता येतं का?

सातपुडा_पायथा:
मेक्सिकोत केलं होतं, 'तीनास एक' नावाची योजना. अमेरिकेतल्या गाववाल्यांच्या मंडळाने एक डॉलर दिला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक घालणार. झाकातेकास राज्यात सुरुवात झाली, 2002 पासून देशभर. रस्ते, पाणी, वीज अशी कामं झाली, कुठे चर्चची डागडुजीही. अडलं ते दोन ठिकाणी. ज्या गावाची माणसं बाहेर जास्त आणि मंडळ जोरात, त्यालाच निधी मिळायचा. ज्या गावातून कुणी गेलंच नाही, आणि सगळ्यात गरीब बहुधा तेच, त्याच्या वाट्याला सरकारचे तीन डॉलरही आले नाहीत. आणि योजना केंद्राच्या पैशावर टेकलेली होती. 2020 च्या अंदाजपत्रकात केंद्राने आपला वाटाच काढून घेतला.