ब्लॉकचा स्विमिंग पूल घरीच बांधायचाय, खर्च कुठे वाचवावा?

प्रश्न
नमस्कार मंडळी. घरामागे ६ बाय ३ मीटरचा, १.४ मीटर खोल पूल बांधायचाय. खोदाई आणि बांधकाम घरचेच करू. सळई गाळून भरीव ब्लॉकची भिंत रचली आणि आतून वॉटरप्रूफ प्लास्टर केलं तर चालेल का? बजेट फारच तुटपुंजं आहे.

प्रतिसाद
सळई गाळू नका, हात जोडून सांगतो. एवढ्या खोलीचं पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला जवळपास एक टन जोराने बाहेर रेटतं. नुसत्या जोडकामाला तो ताण पेलत नाही, आधी बारीक चीर जाते आणि प्लास्टरही तिच्याबरोबर फुटतं.

२०० मिमीचे पोकळ ब्लॉक घ्या. तळाचा स्लॅब ओततानाच त्यातून उभ्या सळया वर काढून ठेवा, ब्लॉक त्यांच्यावर ओवत जा, आडव्या सळयाही टाका आणि पोकळ्या काँक्रीटने ठासून भरा. सळईची जाडी नि अंतर मात्र इंजिनिअरकडूनच काढून घ्या, तो पैसा वाया जात नाही. आणखी एक, रचताना मसाला पोकळीत सांडतो आणि तळाशी साचतो. सगळ्यात खालच्या थराला जागोजागी भोक ठेवून तो खरवडून काढा, मगच काँक्रीट ओता. नाहीतर भिंत आणि स्लॅब नीट सांधत नाहीत आणि गळती नेमकी तिथूनच सुरू होते.

बचत करायचीच तर सरळ आयत, सगळीकडे एकच खोली आणि टाइल्सला फाटा. यात खरंच बरेच पैसे वाचतात.

दुसरा प्रतिसाद
जमिनीतलं पाणी वर येत असेल तर रिकामा पूल जास्त धोक्याचा, खालून दाब येऊन तळ उचलला जातो. स्लॅबखाली खडीचा थर आणि तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खालचा दाब वाढला की जमिनीतलं पाणी पूलमध्ये येऊ देणारी झडप) हवाच.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार, सळई घेतोच. पंप केवढा लागेल?

प्रतिसाद
पाणी साधारण २५,००० लिटर. सहा तासांत एकदा सगळं फिल्टरमधून फिरायला हवं, म्हणजे ताशी ४,२०० लिटर. तळाला ओढीची तोंडं दोन ठेवा, एकमेकांपासून लांब आणि जाळीसकट. एकच असेल तर पोहणारा त्यावर खेचला जाऊन अडकू शकतो. वीजजोडणीला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, लावा.

प्लास्टर पुरतं मुरल्यावर, बाहेरचा भराव टाकण्याआधी पूल भरून बघा. पायरीवर पाण्याची बादली ठेवा आणि दोन्हीकडे पातळीची खूण करा. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर गळती आहे, आणि भिंत उघडी असल्याने ओल कुठे फुटते तेही दिसतं.