चकी: बाहुलं तेच, पण मालिका नाद खुळा

कुणीतरी लिहिलंय की ‘चकी’ची, म्हणजे खुन्याचा आत्मा शिरलेल्या बाहुल्याची, मालिका म्हणजे शिळ्या कढीला ऊत. पटलं नाही राव. 2019 च्या चित्रपटात आत्मा काढून बाहुल्यात चिप बसवली, आवाजही बदलला. ती खरी शिळी कढी. 2021 ला सुरू झालेल्या मालिकेनं मूळ धागा पुढं नेला, कारण मूळ चित्रपट लिहिणारा डॉन मॅन्चिनी तोच आणि चकीचा आवाज ब्रॅड डूरिफचाच, 1988 च्या पहिल्या चित्रपटापासूनचा.

आणि गंमत बघा, जुन्या प्रसंगांतला तरुण चार्ल्स ली रे, म्हणजे ज्याचा आत्मा बाहुल्यात आहे तो खुनी, साकारलाय डूरिफच्याच मुलीनं, फिओनानं! मेकअप तिचा, आवाज बापाचा. मला दोन भाग संपेपर्यंत कळलंच नव्हतं.

मालिकेतही बाहुलं हातानं, यंत्रानं हलवलंय, म्हणून त्याच्या भुवईतसुद्धा वजन आहे. मालिकेतला पोरगा जेक जुन्या सामानाच्या विक्रीतून ते घेतो तेव्हा ते नुसतं बसलेलं असतं, आणि तेवढ्यानंच अंगावर काटा येतो. आपल्याला ‘ओम फट् स्वाहा’ची सवय, 1993 ला पाध्यांच्या तात्या विंचूनं आपली झोप उडवलेली, तरीही.

तिसरा सीझन जरा भरकटतो, व्हाइट हाऊसमध्ये कशाला गेले देव जाणे. पण पहिला? एका बैठकीत संपवला. राजारामपुरीत रात्री दोनला लाइट गेली, तेव्हा कपाटावरची भाचीची बाहुली भिंतीकडं तोंड करून ठेवली. सकाळी ती विचारत होती, “मामा, हिला शिक्षा का केलीस?”