३०४ मधलं ऑर्किड

३०४: नमस्कार मंडळी. माझ्या ऑर्किडची पानं मऊ पडून लोंबायला लागलीत, सुरकुत्याही आल्यात. रोज अर्धा कप पाणी घालते तरी तहानलेलंच दिसतं. पाणी वाढवू की मोठ्या कुंडीत मातीत लावू? फोटो टाकलाय.

१०२: माती आणि गांडूळखत निम्मं निम्मं. माझी सगळी झाडं त्यावरच आहेत.

७०१: थांब गं! मातीत अजिबात नको, आणि आज पाणीही नको. हे फॅलेनॉप्सिस आहे, ऑर्किडचाच एक प्रकार. मूळचं झाडाच्या खोडावर वाढणारं, मुळं उघड्या हवेत. मातीत ती गुदमरतात. पानं लोंबायची कारणं दोन: पाणी कमी पडलं, नाहीतर पाणी प्यायला मुळंच उरली नाहीत. वरून दोन्ही सारखंच दिसतं. रोज पाणी घालतेस म्हणजे मला दुसऱ्याचीच भीती वाटते. कुंडीतून काढ आणि मुळं बघ.

१०२: खोडावर म्हणजे बांडगूळच की.

७०१: नाही भाऊ. बांडगूळ झाडाच्या आत घुसून रस शोषतं. आमरी, म्हणजे ऑर्किड, नुसती आधाराला बसते, पाणी पावसाचं आणि हवेतलं घेते.

३०४: काकू, काढलं. बाहेरची तीन मुळं घट्ट आहेत. आतली तपकिरी. एक धरून ओढलं तर साल मोज्यासारखी हातात आली, आत नुसता दोरा राहिला. वासही येतोय.

७०१: ते मूळ गेलं. ती साल म्हणजे स्पंजासारखा थर, व्हेलामेन म्हणतात त्याला. कोरडा असला की रुपेरी, भिजला की हिरवा. यापुढे मुळं रुपेरी दिसली की मगच पाणी, वार बघून नाही. आता कात्री ज्योतीवर धरून घे, गार होऊ दे आणि मऊ, पोकळ मुळं काप. रंगावर जाऊ नकोस, दाबून बघ. घट्ट असेल ते ठेव. आणि मधोमध जुन्या मॉसचा, म्हणजे शेवाळाचा, गोळा आहे का बघ.

३०४: आहे! लिंबाएवढा, चिंब. बाहेरची बार्कची (झाडाच्या सालीची) सालपटं तर खडखडीत कोरडी होती.

७०१: तिथेच घात झाला. वरून कोरडं बघून तू पाणी घालत गेलीस आणि आतलं कधी वाळलंच नाही. तुझी चूक नाही गं, बऱ्याच कुंड्या अशाच येतात.

५०३: कापलेल्या जागी दालचिनी लावतात ना?

७०१: हो, पण फक्त कापलेल्या टोकाला. चांगल्या मुळावर पडली तर तेही सुकवते. कुंडी उरलेल्या मुळांपुरतीच घे, लहान, भरपूर भोकांची. पारदर्शक असेल तर मुळांचा रंग दिसतो. बार्क रात्रभर भिजवून ठेव, थोडा कोळसा मिसळ. पानांचं बूड बार्कच्या वर राहू दे. झाड हललं की नवी मुळं मोडतात, म्हणून काडीला बांध. मग ३-४ दिवस पाणी बंद. नंतर नळाखाली धरून पूर्ण निथळू दे. पानांच्या खळग्यात थेंब राहिला तर कापसाने टिप, शेंडा एकच असतो, तो कुजायला नको.

५०३: माझ्याकडे दुसरं ऑर्किड आहे, डेंड्रोबियम. त्याच्या जुन्या कांड्यांची पानं झडलीत, कापू का?

७०१: नको! त्यात साठा असतो, नवे कोंब त्यावरच पोसतात. काहींना फुलंही त्याच कांड्यांवर येतात. तपकिरी होऊन पूर्ण वाळली तरच काप.

३०४: काकू, दांड्यावर अजून दोन फुलं आहेत. कापवत नाही.

७०१: कळतं गं. पण तीन मुळांवर फुलं पोसणं त्याला झेपणार नाही. दांडा काप आणि पाण्याच्या ग्लासात ठेव, फुलं बरेच दिवस टिकतील.

(सहा आठवड्यांनी)

३०४: काकू, खालच्या पानाच्या बुडाशी हिरवं टोक आलंय! मूळ की दांडा?

७०१: गोल, गुळगुळीत, चकचकीत असेल तर मूळ. चपटं, मिटलेल्या बोटांसारखं असेल तर दांडा.

३०४: गोल आहे. आणि त्याच्या शेजारी अजून एक.