कोकण किनाऱ्यासाठी कॅम्पर व्हॅन: एसी एक टन, दीड टन की दोन टन?

सुरूबन
लांब व्हीलबेसची ट्रॅव्हलर मिनीबस कॅम्पर म्हणून बांधायला घेतली आहे. राहण्याच्या भागाची आतली मापं: लांबी १४ फूट, रुंदी साडेपाच, उंची सहा. माणसं चार, दोन मोठी आणि दोन मुलं. मुक्काम गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली, वेंगुर्ले या पट्ट्यात, मुख्यतः मार्च ते मे आणि दिवाळीची सुट्टी.

गॅरेजवाला म्हणतो दोन टन लावा, नंतर पस्तावाल. छतावरचं युनिट विकणारा दीड टन म्हणतो. एका ओळखीच्यांनी तर एसीच नको, कूलर ठेवा असं सुचवलंय. नेमकं किती लागतं, आणि प्लग नसेल तर रात्रभर बॅटरीवर चालवायला काय करावं? इन्सुलेशन अजून केलेलं नाही, त्यामुळे त्यात बदल शक्य आहे.

गेजमॅनिफोल्ड
कूलरचं आधी संपवू. कूलर हवा ओल्या फडक्याच्या तापमानापर्यंतच, म्हणजे वेट बल्बपर्यंतच गार करू शकतो. नागपूरला ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा २२ च्या आसपास येतो, म्हणून तिथे कूलर झकास चालतो. मालवणात ३३ अंश आणि ७० टक्क्यांना वेट बल्ब २८ च्या वर असतो. बंद गाडीत कूलर लावलात तर फक्त ओलावा वाढेल.

आता टन. एसीचा १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची ताकद, साधारण ३,५०० वॅट. तुमच्या मापांनी छत ७ चौरस मीटर आणि भिंती साधारण २१ होतात. दुपारी बाहेर ३४ अंश, ६५ टक्के आर्द्रता आणि आत २६ अंश धरा. छत पांढरं, पत्र्याला आतून २५ मिमी क्लोज्ड-सेल (बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा) फोम चिकटवलेला, काचा बाहेरून झाकलेल्या असतील तर ढोबळ हिशोब असा: छतातून ३२५ वॅट, भिंतींतून ४००, खालून १००, काचांतून ३५०, माणसांचे ४८०, दार उघडझाप आणि फटींतून येणाऱ्या दमट हवेचे ४००, फ्रिज-चार्जर वगैरे १५०. बेरीज २,२०० वॅट. एक टन पुरून उरतो.

हीच गाडी पत्रा, पोकळी आणि प्लायवुड एवढ्यावर ठेवली, छत गडद आणि काचा उघड्या, तर आकडा साडेचार हजारांच्या पुढे जातो. गॅरेजवाल्यांचे 'दोन टन' इथून येतात. त्यांची सवय पॅसेंजर गाड्यांची: तेरा-सतरा माणसं, चहूबाजूंनी काच, इन्सुलेशन नावापुरतं. त्या गाडीला ते बरोबरच आहे.

पण किनाऱ्यावर खरी परीक्षा रात्रीची. एप्रिल-मे महिन्यांत रात्री दोनला बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते. ऊन नाही, भिंती फार तापलेल्या नाहीत. चौघं झोपलेली, श्वासासाठी ताशी ४० घनमीटर ताजी हवा आत घेतली, तरी एकूण भार हजार वॅटच्या आसपास राहतो. त्यातला जवळजवळ निम्मा ओलाव्याचा. नेहमीचा स्प्लिट एसी मात्र आपल्या ताकदीच्या फार तर पाव ते तीस टक्क्यांपर्यंतच पाणी काढण्यावर खर्च करतो, बाकी सगळी हवा गार करण्यावर. म्हणजे हवा लवकर गार होते, ओलावा तसाच राहतो. दोन टनाचा एसी इथे पाच मिनिटांत २५ अंश गाठून थांबेल, आतल्या युनिटच्या गार कॉइलवर जमलेलं पाणी परत हवेत जाईल आणि पहाटे चादर ओलसर, गाद्यांना वास, कपाटात बुरशी. थर्मामीटर २४ दाखवतोय आणि अंग तरी चिकट, ही तक्रार ऐकलीत की समजा एसी मोठा झालाय.

तेव्हा एक टन इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा), स्प्लिट. मॉडेल निवडताना स्टारपेक्षा माहितीपत्रकातली 'किमान क्षमता' ही ओळ आधी बघा. एक टनाचं चांगलं मशीन हजार वॅटपर्यंत खाली उतरतं. बरीच दीड टनाची मशीनं दीड-दोन हजारांच्या खाली जात नाहीत आणि मग बंद-चालू करत बसतात. रात्री सेटिंग २६, पंखा सर्वांत कमी वेगावर, किंवा ड्राय मोड. पंखा जोरात ठेवला की कॉइल उबदार राहते आणि पाणी कमी निघतं.

घाटमाथा
हिशोब मान्य, पण तो आदर्श गाडीचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडा वारा आला की रत्नागिरीलाही पारा ३७-३८ वर जातो. आणि कोकणात उतरताना लोक कोल्हापूर-सोलापूरकडूनही येतात. दीड टन ठेवला तर काय बिघडतं? इन्व्हर्टर आहे, गरज नसेल तेव्हा कमी वेगाने चालेल.

गेजमॅनिफोल्ड
कमी वेगाने चालेल, पण किती कमी हाच प्रश्न आहे, म्हणून किमान क्षमता बघा म्हटलं. ती एक टनाएवढीच खाली उतरत असेल आणि वजन-वीज परवडत असेल तर दीड टनाला माझी हरकत नाही. पण ३८ अंशांच्या त्या दिवसांत हवा कोरडी असते, ओलाव्याचा भार घसरतो. उन्हाचा भार दोन-तीनशे वॅटने वाढला तरी एकूण भार अडीच हजारांच्या आतच राहतो, एक टन पुरतो.

त्यापेक्षा गाडीचं तोंड कुठे आहे ते बघा. किनाऱ्यावर सूर्यास्त दिसावा म्हणून सगळे पुढची काच समुद्राकडे करून उभे राहतात. दुपारी तीननंतर ऊन थेट विंडस्क्रीनमधून घुसतं. ट्रॅव्हलरची काच पावणेदोन-दोन चौरस मीटरची, त्यातून ९०० वॅट सहज आत येतात, म्हणजे पाव टन एसी नुसता काचेसाठी. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. काचेवर चकाकी असलेलं कव्हर बाहेरून घाला. आतून लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तो निम्म्यानेही काम करत नाही. आणि ड्रायव्हर सीटच्या मागे जाड, कडेला वेल्क्रो असलेला पडदा टाकून केबिन वेगळी करा. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आणि सगळ्यांत कमी लोक करतात.

खारवट
इन्सुलेशन अजून केलेलं नाही हे भाग्यच. नायट्राइल रबर किंवा क्रॉसलिंक फोम, २० ते २५ मिमी, पत्रा घासून पुसून त्यावर पूर्ण चिकटवा, फक्त कडेला नाही. शिटांच्या जोडांवर अ‍ॅल्युमिनियम टेप लावा. ग्लासवूल भरू नका. पत्र्याच्या सांध्यांतून दमट हवा शिरते, आत थंड प्लायला लागून पाणी होतं आणि लोकर ते धरून ठेवते. दोन पावसाळ्यांत खालची चॅनेल गंजायला लागतात. लोखंडी कमानींवर पट्टा उघडा सोडू नका, त्यांवरही किमान १० मिमी थर हवा. रात्री बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो) २६ च्या आसपास असतो, त्यामुळे आत २३-२४ ठेवलं तर प्रत्येक उघडी कमान आणि खिडकीची चौकट घाम धरते. छतातून गळतंय असं वाटून लोक सिलिकॉन भरत बसतात, प्रत्यक्षात ते दव असतं.

आउटडोअर युनिट कुठे बसवायचं हे टनाइतकंच महत्त्वाचं. चासीखाली बसवलं तर चिखल, पाणी आणि एक्झॉस्टची उष्णता. मागच्या दारावर बसवलं तर बिजागरी आणि पाइप दोन्हींना ताण. मला मागच्या बाजूला चासीला जोडलेलं स्वतंत्र ब्रॅकेट बरं वाटतं: पाठीमागे चार-सहा इंच मोकळं, समोर काही नाही. फुंकलेली गरम हवा परत मागून ओढली गेली की प्रेशर चढतं आणि दुपारी तीनला एसी नेमका 'थकतो'. भिंतीला टेकवून गाडी लावली तरी हेच होतं.

कॉपर पाइप सरळ ताणू नका. युनिटजवळ एक वेटोळं सोडा, दर फूट-दीड फुटाला रबर लावून क्लॅम्प करा, ब्रॅकेटखाली रबर पॅड. गॅस जातो तो जवळजवळ नेहमी फ्लेअर नटपाशी, म्हणजे पाइप युनिटला जोडणाऱ्या नटपाशी. घरच्या स्प्लिटचे जोड राजापूर-लांजा पट्ट्यातल्या हादऱ्यांसाठी बनलेले नाहीत, म्हणून हजारेक किलोमीटरनंतर साबणाचं पाणी लावून बघा.

कंडेन्सर (आउटडोअर युनिटमधली जाळी) पूर्ण कॉपर ट्यूबचा आणि फिनवर, म्हणजे त्याच्या पातळ पत्र्यांवर, ब्लू किंवा गोल्ड कोटिंग असलेला घ्या. समुद्राजवळच्या मुक्कामानंतर गोड्या पाण्याने हलका फवारा, प्रेशर वॉशर नको, फिन झोपतात. बोल्ट स्टेनलेस ३१६ मिळाले तर उत्तम, ३०४ वरही किनाऱ्यावर तपकिरी डाग येतात.

छतावरचं युनिट घेत असाल तर उंची आधी मोजा. ३० ते ४० किलो वजन आणि वर जवळपास एक फूट. वाडीतल्या रस्त्यांवर फणसाच्या फांद्या आणि खाली आलेल्या विजेच्या तारा, दोन्ही तेवढ्याच उंचीवर भेटतात.

फेजन्यूट्रल
विजेचं सांगतो. रात्रीचा भार हजार वॅट असेल तर एक टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी सरासरी ३०० ते ४०० वॅट खेचेल. ४०० धरून आठ तास म्हणजे विजेचे ३.२ युनिट (किलोवॅट-तास). बॅटरीची वीज घरच्यासारखी २३० व्होल्टची करणाऱ्या वेगळ्या इन्व्हर्टरचा तोटा धरून ३.६. बॅटरी ८५ टक्क्यांपर्यंतच वापरायची तर ४.३ युनिटची क्षमता हवी. ५१.२ व्होल्ट १०० एएच (अ‍ॅम्पिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ५.१ युनिटची असते, पंखा-दिवे धरून तेवढी बसते. १५० एएच ट्यूब्युलर बॅटरीतून सुखरूप ०.९ युनिट मिळतं, म्हणजे निदान पाच लागतील, आणि वजन अडीचशे किलोच्या पुढे. नादच करू नका.

१२ व्होल्टवर एसी चालवायचं टाळा. २,००० वॅटच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टवर १९० अ‍ॅम्पिअर लागतात, केबल ७० चौरस मिमी, केबलच्या टोकाच्या प्रत्येक लगला उष्णता. ४८ व्होल्टवर हेच ४५-४७ अ‍ॅम्पिअर आणि १६ चौरस मिमीमध्ये काम होतं. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच.

सोलरवर भिस्त नको. ५४० वॅटचं एक पॅनेल २.२८ मीटर लांब आणि १.१३ रुंद. छतावर एकच नीट बसेल आणि उन्हाळ्यात दिवसाला दोन-सव्वादोन युनिट देईल, तेही उन्हात उभं राहून. सावलीत गाडी लावली की एसी कमी लागतो, पण पॅनेल झोपतं. दोन्हीपैकी सावली निवडा. उरलेलं चालत्या गाडीतून किंवा प्लगमधून भरा.

प्लगचं: १६ अ‍ॅम्पिअर सॉकेट मागा, स्वतःची २.५ चौरस मिमी तीन कोअर केबल २५ मीटर ठेवा आणि गुंडाळी पूर्ण उलगडा. रीलवर गुंडाळलेली केबल तापून वितळते. गाडीत शिरताच ३० मिलिअ‍ॅम्पिअर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि बॉडीला अर्थिंग, यात तडजोड नाही. ओली वाळू, अनवाणी पाय आणि पत्र्याची गाडी. मे महिन्यात संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० च्या खाली येतं, म्हणून एसीची व्होल्टेज रेंज बघा, साधारण १४५ पासून सुरू होणारी घ्या.

जनरेटर असेल तर झोपेत कधीही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघं मृतावस्थेत सापडले, जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. इंजिन चालू ठेवून डॅशबोर्डचा एसी लावून झोपणं हाही तोच धोका. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म उशीच्या उंचीवर लावा.

सुरूबन
एक टन इन्व्हर्टर आणि ४८ व्होल्ट पक्कं करतो. दोन शंका. ट्रकच्या स्लीपरला लावतात तो २४ व्होल्ट पार्किंग एसी चालेल का? आणि ड्रेनचं पाणी किती येतं, नळी किती जाड ठेवू?

गेजमॅनिफोल्ड
पार्किंग एसी दोन माणसांच्या केबिनसाठी ठीक. इन्व्हर्टरचा तोटा वाचतो, पण जाहिरातीतले बीटीयू विश्वासाने घेऊ नका. विजेचा वापर मोजा: २४ व्होल्टवर ३० अ‍ॅम्पिअर म्हणजे ७२० वॅट, त्यातून फार तर दोन हजार वॅट गारवा निघेल. तुमच्या दुपारला तो काठावर पडतो. शिवाय सुटे भाग मालवणात मिळणार नाहीत. घरगुती एक टनाचा मेकॅनिक प्रत्येक तालुक्यात आहे.

पाणी: रात्रीच्या वरच्या हिशोबाने तासाला पाऊण लिटरपेक्षा थोडं कमी, रात्रभरात पाच-साडेपाच लिटर. नळी अर्ध्या इंचापेक्षा बारीक नको, उतार सलग, मधे झोळ नको. घरी एसी हलत नाही, इथे गाडी दर मुक्कामी वेगळी कलते. इनडोअर युनिटचं ड्रेन एकाच टोकाला असतं आणि गाडी उलट कलली की पाणी ट्रेवरून सांडून गादीवर येतं. ट्रेला दोन्ही टोकांना निचरा काढता येत असेल तर काढा, नाहीतर लेव्हल लावून चाकाखाली ठोकळे घाला.

आणि ओलावा आत नेऊ नका. समुद्रातून आल्यावर ओले टॉवेल आत वाळत घातलेत तर त्यातलं एक लिटर पाणी परत काढायला एसीला ०.६८ युनिट एवढी गारव्याची शक्ती लागते, म्हणजे विजेचे पाव युनिट. आत गॅसवर स्वयंपाक केला तर एक किलो एलपीजी जळून दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. चहा-पोह्यांची शेगडी दाराबाहेर काढता येईल असा सरकता ओटा आत्ताच करून घ्या.

खारवट
बदल आरसीवर नोंदवून घ्यायला विसरू नका, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ मानक आहे, बॉडीवाल्याला ते माहीत आहे का हे ऑर्डर देण्याआधी विचारा. 'ते आरटीओचं आम्ही बघतो' असं कोणी म्हणालं तर लेखी घ्या.