जर्मन शिकायला रोज पान फाडायचं टेबल कॅलेंडर: कुठलं घ्यावं? (बजेट ५००-६००)

शमिका_ठाणे
नमस्कार मंडळी. बाबांसाठी हवंय. वय ६८, निवृत्त. ताई स्टुटगार्टला असते, भाची सात वर्षांची. तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. बाबांना तिच्याशी चार वाक्यं बोलायची आहेत. ॲप लावून दिलं होतं, तर ‘रोज आठवण करून देतं, मी काय त्याचं देणं लागतो?’ म्हणून उडवलं. कालनिर्णयचं मागचं पान मात्र नेमाने वाचतात. म्हणून रोज एक शब्द, एक वाक्य असं काहीतरी टेबलावर ठेवायला शोधतेय. अर्थ इंग्रजीत असला तरी चालेल. परीक्षा द्यायची नाहीये.

बर्लिनकर_बंड्या
आम्ही तिकडे होतो तेव्हा दरवर्षी घ्यायचो. शरद ऋतू लागला की पुस्तकांच्या दुकानात ढीग लागतात. पंधरा-सोळा युरो पडतात, पण कागद बघा, छपाई बघा! इथे तसला माल मिळणं विसरा. माझ्याकडे २०१७ चं अजून कोरं करकरीत आहे.

शमिका_ठाणे
कोरं का?

बर्लिनकर_बंड्या
वेळ कुठे होता.

गोडबोले_काकू
शमिका, जपून गं. मी ऑनलाइन मागवलं आणि हात पोळून घेतले. ते निघालं जर्मन लोकांना स्पॅनिश शिकवणारं! सगळे खुलासे जर्मनमध्ये. नुसतं ‘श्प्राखकालेंडर’, म्हणजे भाषेचं कॅलेंडर, वाचून भुलू नकोस. खोक्यावर ‘डॉइच आल्स फ्रेम्डश्प्राख’, म्हणजे परक्यांसाठीचं जर्मन, असं लिहिलेलं हवं. वर कुरियरचे पैसे कॅलेंडरपेक्षा जास्त. आणि येऊन पोचलं तेव्हा होळी झालेली, दोन महिन्यांची पानं थेट रद्दीत.

निखिल_बी१
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कॅलेंडर म्हणजे पैसे वाया. ए१ या पहिल्या पायरीचीच शब्दसूची साधारण ६५० शब्दांची आहे. रोज एक म्हटलं तर पावणेदोन वर्षं फक्त तिथपर्यंत. आणि आज आलेला शब्द पुन्हा वर्षभर तोंड दाखवत नाही. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या साइटवर ती सूची फुकट आहे. काकांना मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे त्यांच्याच इथल्या शाखेत, रीतसर घाला. मी बी१, म्हणजे तिसरी पायरी, पहिल्या फटक्यात काढली.

शमिका_ठाणे
अभिनंदन. परीक्षा द्यायची नाही असं वर लिहिलंय.

शब्दवेडी
निखिलचा सूर जाऊ दे, पण शब्द परत येत नाही हा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय पान फाडल्यानंतर सुरू होतो. पान टाकायचं नाही. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठे लावून तीन कप्पे करा. पहिल्या कप्प्यातली पानं रोज बघायची, दुसऱ्यातली दोन-तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. आठवलं तर पान पुढच्या कप्प्यात, नाही तर पुन्हा पहिल्यात. लाइटनर नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. शब्द झाकून आधी आठवायचा प्रयत्न करायचा, नुसतं वाचून उपयोग नाही.
आणि साल नसलेलं, स्प्रिंगचं, पान उलटायचं कॅलेंडर मिळालं तर उत्तम. उशिरा आलं तरी वाया जात नाही. फक्त त्यात वार नसतात.
नाम लिहाल तेव्हा आर्टिकलसकट, म्हणजे नामाआधी येणाऱ्या, लिंग दाखवणाऱ्या डेर, डी, डाससकट. पुल्लिंगी निळं, स्त्रीलिंगी लाल, नपुंसक हिरवं, असं बरेच शिक्षक करून घेतात.

कोथरूडचा_काका
मराठी माणसाला हे सोपंच. आपल्याकडेही तीन लिंगं आहेत.

निखिल_बी१
असून काय उपयोग, जुळतात कुठे? तिकडे सूर्य बाई आहे.

कोथरूडचा_काका
संस्कृत येत असेल तर काही अडत नाही.

खट्याळ_खारूताई
आलं संस्कृत. धागा शंभरी गाठणार, मी बसायला सतरंजी आणते.

मुलुंडची_मीना
विकत कशाला? बँकेचं गेल्या वर्षीचं टेबल कॅलेंडर घ्या, मागच्या कोऱ्या बाजूंचे चौकोन कापा. व्हिडिओ कॉलवर नातीला रोज एक शब्द सांगायला लावा, आजोबांनी तो देवनागरीत लिहून घ्यायचा. पोरीला मास्तरीण व्हायला आवडतं. खर्च शून्य.

बर्लिनकर_बंड्या
देवनागरीत लिहून उच्चार बिघडतात. त्यापेक्षा चांगलं जर्मन कॅलेंडरच घ्या, हजार-दीड हजार गेले तर गेले.

गोडबोले_काकू
पण खोक्यावर ‘फ्रेम्डश्प्राख’ बघूनच!

शमिका_ठाणे
सगळ्यांचे आभार. शब्दवेडी, खोक्याची युक्ती मी माझ्या फ्रेंचसाठी ढापतेय.
कॅलेंडर घेत नाहीये. ताईच्या स्वयंपाकघरात औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेलं भिंतीवरचं कॅलेंडर बाबांना कॉलवर दिसलं, त्यांना तेच हवंय. शब्द-बिब्द काही नाही त्यात. पण त्यांच्या राज्याच्या शाळेच्या सुट्ट्या रंगवलेल्या आहेत. तिकडे दर राज्याच्या वेगळ्या असतात. ६ जानेवारीला स्टुटगार्टला सुट्टी, बर्लिनला नाही. ताईकडे उन्हाळ्याची सुट्टी जुलैअखेर सुरू होते. नात घरी कधी असते ते बाबांना यावरून कळणार. आठवड्यांचे क्रमांकही छापलेत आणि ताईकडे सगळे भेटीगाठी त्यावरच ठरवतात. बाबा कालपासून ‘आपला हा कितवा आठवडा’ विचारतायत. ताई येताना घेऊन येईल.

बर्लिनकर_बंड्या
बर्लिनला ८ मार्चची असते.

निखिल_बी१
मग जर्मन कधी शिकणार ते?

शमिका_ठाणे
वारांची नावं आहेत ना छापलेली. मोन्टागपासून, म्हणजे सोमवारपासून, सुरुवात केलीय.

गोडबोले_काकू
छान. ताईला म्हणावं, त्यावर ‘डॉइच आल्स फ्रेम्डश्प्राख’ लिहिलंय का तेवढं बघून आण.