स्कॉटलंडमध्ये ८ दिवस गोल्फ: मुक्काम एकाच ठिकाणी करावा की रोज हलवावा?

बंकरवासी
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, सगळे पन्नाशी पार केलेले, येरवड्याला दर रविवारी पहाटे खेळणारे. हँडिकॅप (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा) १४ पासून २६ पर्यंत, २६ वाला अस्मादिक. गेली ५-६ वर्षं नुसतं 'एकदा सेंट अँड्र्यूजला जायचं' चाललं होतं, शेवटी घरच्यांनीच सांगितलं की एकदाचे जाऊन या आणि विषय संपवा. जूनमध्ये जायचंय, एडिंबरोला उतरणार, खेळायला पूर्ण ८ दिवस.

मी एक्सेल केलंय. सगळी गोल्फ कोर्सचीच नावं: आधी नॉर्थ बेरिक, गलन, मग सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, किंग्जबार्न्स, कार्नूस्टी, आणि तिथून वर इन्व्हरनेसजवळ कॅसल स्टुअर्ट, कारण आपल्या गोल्फर जीव मिल्खा सिंगने २०१२ ला स्कॉटिश ओपन तिथेच जिंकली होती आणि आमच्यातला एक जण त्याचा भक्त आहे. ह्यात ५ वेगवेगळी हॉटेलं होतायत. एक मित्र म्हणतो ही काय पंढरीची वारी आहे का रोज मुक्काम हलवायला.

तर मुक्काम कुठे करावा, ओल्ड कोर्सची लॉटरी असते म्हणतात ती नक्की काय भानगड आहे, आणि दोघांचे गुडघे कुरकुरतात तर बग्गी, म्हणजे कोर्सवर फिरायची छोटी गाडी, मिळेल का?

फोर्थकाठचा
तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा, तो शहाणा आहे. मी ११ वर्षं एडिंबरोत आहे आणि दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पाहुणा हेच एक्सेल घेऊन येतो.

इन्व्हरनेस आधी काढून टाका. सेंट अँड्र्यूजहून गाडीने ३ तास जायला, ३ तास यायला, एका राउंडसाठी २ दिवस गेले. भक्ताला सांगा की त्या ओपनला जीवने प्लेऑफमध्ये ज्याला हरवलं तो मोलिनारी २०१८ ला कार्नूस्टीला 'द ओपन' ही मोठी स्पर्धा जिंकला, तेव्हा कार्नूस्टीला उभं राहून नमस्कार करा, पोचेल.

आता लॉटरी, म्हणजे बॅलट. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी २ च्या आत नावं टाकायची, कमीत कमी दोघं जास्तीत जास्त चौघं, संध्याकाळी निकाल. रविवारी ओल्ड कोर्स बंद, त्या दिवशी गावातली माणसं कुत्री घेऊन फेअरवेवर फिरतात, तुम्हीही जाऊन कोर्सवरच्या दगडी स्विल्कन ब्रिजवर फुकट फोटो काढा. क्लबकडून हँडिकॅप सर्टिफिकेट न विसरता आणा. फी सीझनला तीनशे पौंडाच्या वर आहे, बसून वाचा.

लोक चुकतात ते पुढे. बॅलट रोज टाकायचं असेल तर रोज मोकळं पण असायला हवं ना! तुम्ही बुधवारी किंग्जबार्न्सचे पैसे भरून बसलात आणि नेमकं बुधवारचं बॅलट लागलं तर काय करणार? म्हणून महागातले दोनच आधी बुक करा, किंग्जबार्न्स आणि कार्नूस्टी, बाकीचे दिवस मोकळे सोडा. बॅलट नाही लागलं तर ओल्ड कोर्स चालवणाऱ्याच ट्रस्टचा न्यू कोर्स आहे, नाव न्यू पण १८९५ चा, नाहीतर ज्युबिली, ईडन. माझ्या मते न्यू कोर्स ओल्डपेक्षा खेळायला जास्त मजेचा आहे पण हे इथे कोणाला सांगू नका.

म्हणजे मुक्काम सेंट अँड्र्यूज, आठही रात्री. किंग्जबार्न्स १५ मिनिटं, कार्नूस्टी पाऊण तास. मरे पार्क, मरे प्लेस ह्या गल्ल्यांत ओळीने गेस्ट हाउस आहेत, पहिल्या टीपर्यंत, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथपर्यंत, चालत जाता येतं. ते भरलं तर युनिव्हर्सिटीची हॉस्टेलं उन्हाळ्यात भाड्याने देतात, खोल्या साध्या पण स्वच्छ. फक्त पदवीदानाच्या तारखा बघून घ्या, त्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते.

बग्गी विसरा. ओल्ड कोर्सवर चालायचंच, बाकी ठिकाणी गुडघ्यासाठी डॉक्टरचं पत्र घेऊन आधी विचारा. आत्तापासून रोज तळजाई चढायला लागा.

हिरवळवाली
वरच्या उत्तराला +१, पण सगळं लक्ष मोठ्या नावांवर नको. आम्ही नवराबायको गेलो होतो आणि सगळ्यात जास्त आठवतो तो क्रेलचा बाल्कोमी कोर्स, एकीकडे समुद्र सतत दिसत राहतो आणि खिसाही किंग्जबार्न्सइतका फाटत नाही. दुसरा ईली. तिथे पहिल्या टीसमोर टेकाड आहे, पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून स्टार्टरच्या खोपटात चक्क पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय, त्यातून बघायचं पुढचे लोक गेले का आणि मग मारायचं. माझा नवरा तीनदा बघून आला. आणि तिथे एकही पार ५ (पाच फटक्यांत संपवायचा होल) नाही, १६ पार ४ आणि २ पार ३.

सेंट अँड्र्यूजमध्ये संध्याकाळी हिमालयावर जा. खरंच, हिमालय नाव आहे पटिंगच्या, म्हणजे नुसता बॉल गडगडवत भोकात घालायच्या कोर्सचं, तिथल्या बायकांच्या पटिंग क्लबचा, १८६७ पासूनचा. नुसते उंचवटे, खड्डे. थोडक्या पौंडात दोन तास हसून पोट दुखतं.

आणि वारा. आपल्याकडे वारा म्हणतात तो हा नाही. जूनमध्येसुद्धा समुद्रावरून हार येतं, म्हणजे दाट गार धुकं, दहा मिनिटांत झेंडा दिसेनासा होतो. वेज ही काठी काढून बॉल उंच उडवायला जाऊ नका, जमीन कडक असते, ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) बाहेर २० यार्डावरून पण पटर, म्हणजे बॉल गडगडवायची काठीच काढा. २६ हँडिकॅपवाल्यांना तर हे वरदान आहे, मी पण त्यातलीच.

पटर_पाटील
मी जरा उलटं बोलतो. चौघं पहिल्यांदा जाताय तर अर्धे दिवस नॉर्थ बेरिकला का नाही? एडिंबरोहून ट्रेन अर्ध्या तासात सोडते, गलनचे तीन कोर्स शेजारी, आणि नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्स कोर्सचा १३ वा होल, जिथे ग्रीनच्या आधी दगडी भिंत आडवी येते, तो खेळल्याशिवाय परत येणं म्हणजे कोल्हापूरला जाऊन मिसळ न खाणं. सेंट अँड्र्यूजला तर स्टेशनच नाही, लूकर्सला उतरून बस पकडायची. स्पेलिंग बघून ल्यूचर्स म्हणू नका, लोक बघत राहतात.

गाडी घेणार असाल तर एक अनुभव. आम्ही चौघांनी पाच सीटची मोठी गाडी बुक केली, फोटोत डिकी केवढी दिसत होती. चार गोल्फ बॅगा आणि चार सूटकेस, काही केल्या बसेना. शेवटी दोन बॅगा मांडीवर आडव्या घेऊन फोर्थची खाडी ओलांडली, ड्रायव्हर नावाच्या लांब काठ्यांची टोकं खिडकीबाहेर. सरळ ९ सीटची व्हॅन घ्या. आपलं लायसन्स चालतं, आणि गाडी डावीकडूनच चालवायची, तेवढं सुख.

बंकरवासी
सगळ्यांचे आभार. एक्सेल पुसलं. पहिल्या २ रात्री नॉर्थ बेरिक, मग ६ रात्री सेंट अँड्र्यूज, किंग्जबार्न्स आणि कार्नूस्टी पक्के, बाकी रोज दुपारी २ च्या आत देवाचं नाव घेऊन बॅलट. भक्ताने कार्नूस्टीचा नमस्कार मान्य केला. आमच्यात एक पक्का शाकाहारी आहे, त्याचं काय होईल? आणि ओल्डच्या १७ व्या होलला म्हणे हॉटेलवरून मारावं लागतं, ते २६ वाल्याने कसं करावं?

फोर्थकाठचा
शाकाहारी माणूस मसुराचं सूप आणि चीज टोस्टीवर तरतो, चिवडा-थेपले आणा म्हणजे झालं. जूनमध्ये रात्री १० पर्यंत उजेड असतो, खेळत बसाल आणि किचनं बंद होतील, त्यासाठी पण उपयोगी.

हिरवळवाली
१७ व्या टीसमोर हिरव्या शेडवर हॉटेलचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलंय, कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा मदतनीस, सांगतो कुठल्या अक्षरावरून मारायचं. मला त्याने एक अक्षर सांगितलं, बॉल गेला भलतीकडे उजवीकडे, आणि पलीकडून ठण्णकन आवाज आला. कॅडीने शांतपणे दुसरा बॉल हातात ठेवला. मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.