पामने फोलिओ रद्द केला, ही घोडचूकच होती!

बिनतारी :
२००७ म्हटलं की सगळ्यांना आयफोन आठवतो. त्याच वर्षी आणखी एक यंत्र आलं आणि दुकानात पोचायच्या आधीच गेलं. ज्यांना ते आठवतं तेही 'फसलेला प्रकार' म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

खिशातले संगणक आणि फोन बनवणाऱ्या पाम कंपनीचा फोलिओ. ३० मे २००७ रोजी पामचा संस्थापक जेफ हॉकिन्सने तो लोकांपुढे मांडला. १०.२ इंची पडदा, ऐसपैस कीबोर्ड, वजन सव्वा किलोच्या आत, लिनक्स, वाय-फाय आणि ब्लूटूथ. दिसायला छोटा लॅपटॉप, पण त्याची जोडी होती खिशातल्या, पामच्याच ट्रिओ फोनशी. फोनवर आलेली मेल ब्लूटूथवरून फोलिओवर उघडायची, तिथे निवांत उत्तर टंकायचं, आणि ते फोनमध्येही आपोआप जमा. बटण दाबलं की यंत्र लगेच चालू. विंडोज व्हिस्टाचे लॅपटॉप ज्यांनी वापरलेत त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

किंमत ५९९ डॉलर, सुरुवातीची सवलत धरून ४९९. त्याच उन्हाळ्यात विक्री सुरू व्हायची होती. ४ सप्टेंबरला कंपनीचे प्रमुख एड कॉलिगन यांनी ब्लॉगवर लिहून ते रद्द केलं. कंपनीने हिशेबात जो फटका दाखवला तो एक कोटी डॉलरपेक्षाही कमी होता. म्हणजे बहुतेक खर्च आधीच होऊन गेलेला, यंत्र जवळजवळ तयार, आणि ऐनवेळी माघार.

पुढच्याच महिन्यात असूसचा ई पीसी हा छोटा लॅपटॉप विक्रीला आला आणि अशा स्वस्त, चिमुकल्या लॅपटॉपांची, म्हणजे नेटबुकची लाट उसळली. म्हणजे लोकांना असं स्वस्त, हलकं यंत्र हवंच होतं. पामने पिकलेलं शेत दुसऱ्याला कापू दिलं.

गवंडी :
असहमत. ई पीसीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्याचा ४ जीबीचा नमुना अमेरिकेत ३९९ डॉलरला मिळत होता. पडदा अवघा ७ इंची, पण तो स्वतःच्या पायावर उभा असलेला संगणक होता. वाटलं तर त्यावर विंडोज एक्सपी टाका, कुणाची सोबत नको. फोलिओसाठी आधी महागडा ट्रिओ घ्या आणि वर आणखी ५०० डॉलर मोजा! कोण मोजणार होतं?

आणि हॉकिन्सचाच एक प्रसिद्ध किस्सा घ्या. पहिल्या पायलटच्या, म्हणजे पामच्या खिशात मावणाऱ्या छोट्या संगणकाच्या वेळी तो लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरायचा आणि तोच यंत्र आहे असं समजून वापरून बघायचा. तो ठोकळा खिशात मावत होता, पायलटच्या यशाचं मर्म त्यात आहे. फोलिओ खिशात मावत नाही. त्याच्यासाठी पिशवी घ्यावीच लागते, आणि एकदा पिशवी घेतली की माणूस सरळ लॅपटॉप टाकेल ना तिच्यात?

बिनतारी :
गवंडी, खिशाचा मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण फोनशिवाय फोलिओ निरुपयोगी, हे चूक. त्याला स्वतःचा प्रोसेसर होता, ऑपेरा ब्राउझर होता, वर्ड-एक्सेलच्या फायली उघडायची सोय होती. वाय-फाय मिळालं की फोन बाजूला ठेवूनही काम चालायचं.

मृण्मयी :
मग पामने तसं सांगायचं होतं! पहिल्या दिवसापासून त्यांनी त्याची ओळख 'फोनचा सोबती' अशीच करून दिली. गिऱ्हाईक जे ऐकतं त्यावरच ठरवतं.

डोंगरवाट :
दोघेही यंत्राबद्दल बोलताय, कंपनीच्या अवस्थेबद्दल कुणीच बोलत नाहीये. तेव्हा पामच्या अंगावर काय काय होतं ते बघा. जुनी पाम ओएस सांभाळायची, काही ट्रिओंवर मायक्रोसॉफ्टची विंडोज मोबाइल, पुढच्या फोनांसाठी लिनक्सवर बेतलेली नवी प्रणाली घडवायची, आणि वर फोलिओचं तिसरंच लिनक्स. एवढ्याशा कंपनीला हे झेपणार होतं का? २९ जूनला आयफोन विक्रीला आलेला. ऑगस्टमध्ये एनगॅजेट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळाने पामला उद्देशून लांबलचक खुलं पत्र लिहिलं की आता तरी सावरा, आणि खुद्द कॉलिगननी त्याची दखल घेतली. रद्द करताना त्यांनी कारण हेच दिलं : सगळं बळ एकाच नव्या प्रणालीवर लावायचं.

त्यातूनच वेबओएस आली, जानेवारी २००९ मध्ये तिच्यावर चालणारा पाम प्री फोन लोकांनी पाहिला. उघडी अ‍ॅप पत्त्यांसारखी मांडून बोटाने सरकवायची ही रीत आज तुमच्या-माझ्या फोनमध्ये आहे. फोलिओच्या मागे लागले असते तर हे झालं असतं का? मला तर वाटतं निर्णय योग्यच होता, फक्त मे महिन्याच्या आधी घ्यायला हवा होता. जाहीर करून मागे घेतल्याने जी पत गेली ती वाचली असती.

बिनतारी :
आणि वेबओएसचं काय झालं? २०१० मध्ये एचपीने १२० कोटी डॉलरला पाम विकत घेतली आणि ऑगस्ट २०११ मध्ये वेबओएसचे फोन नि टचपॅड हा टॅबलेट दोन्ही बंद केले. ज्याच्यासाठी फोलिओचा बळी दिला तेही वाचलं नाही.

डोंगरवाट :
निर्णयाच्या दिवशी हातात काय होतं त्यावर निर्णय तोलावा. २०११ मध्ये एचपी काय करणार हे २००७ मध्ये कॉलिगनना कसं कळणार?

मृण्मयी :
फोनला मोठा पडदा-कीबोर्ड जोडायची कल्पना नंतर इतरांनीही बाजारात आणून पाहिली, हेही लक्षात घ्या. २००८ मध्ये विंडोज मोबाइल फोनांसाठी सेलिओचा रेडफ्लाय आला, २०११ मध्ये मोटोरोलाने अ‍ॅट्रिक्स फोनबरोबर लॅपडॉक दिला. दोन्ही चालले नाहीत. पामने विकायला काढला असता तर फोलिओचंही तेच झालं असतं, फक्त गोदामात माल पडून राहिला असता.

बिनतारी :
मृण्मयी, ते दोन्ही फोनच्या मेंदूवर चालणारे पोकळ सांगाडे होते. फोन काढला की कामातून गेले. फोलिओ तसा नव्हता, वर लिहिलंय. त्याची खरी तुलना २०११ च्या क्रोमबुकशी करा : लगेच चालू होणारं, हलकं, मेल आणि ब्राउझरपुरतं यंत्र. क्रोमबुक शाळाशाळांत पोचलं.

गवंडी :
क्रोमबुकमागे गूगल होतं आणि तोवर बहुतेकांची कामं ब्राउझरमध्ये गेलेली होती. २००७ मध्ये माणसाची फाइल पेनड्राइव्हवर असायची. चार वर्षांचं अंतर लहान नाही.

बिनतारी :
मान्य, अंतर होतं. पण ते भरून काढायला यंत्र लोकांच्या हातात जावं लागतं. पहिला पायलटही दोषांसकट विकला गेला आणि वापरणाऱ्यांनीच त्याला पुढे नेलं. कॉलिगननी रद्द करताना लिहिलं होतं की या प्रकारात मोठी शक्यता आहे यावर हॉकिन्सचा आणि त्यांचा अजून विश्वास आहे, आणि दुसरा फोलिओ नव्या प्रणालीवर येईल. तो कधीच आला नाही. डोंगरवाट, तुमचा बळ वाचवायचा मुद्दा धरला तरी प्री बाजारात आल्यावर त्यांना कुणी अडवलं होतं?